जुन्या फियाटच्या हेडमधले आटे गेले? भंगारात टाकण्याआधी हे वाचा

समजा, बुलढाणा जिल्ह्यातल्या एखाद्या घरी आजोबांची फियाट शेडमध्ये उभी आहे. नातवाने इंजिन खोललं. स्पार्क प्लग काढताना त्यासोबत ॲल्युमिनियमचा चुराही बाहेर आला. म्हणजेच हेडमधले आटे गेले. आता पुढे काय?

हेड वाचवणं का महत्त्वाचं?

मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून बनलेली फियाट ११०० डिलाइट पुढे 'प्रीमियर पद्मिनी' झाली. तिचं उत्पादन थांबून दोन दशकं उलटली. शिवाय २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुनी गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवायची असेल, तर ती मूळ रूपात असावी लागते. त्यामुळे जुनं हेड टिकवणंच फायद्याचं.

आटे का जातात?

या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा, पण हेड ॲल्युमिनियमचं, म्हणजे मऊ असतं. प्लग तिरका बसवला, जास्त आवळला किंवा इंजिन गरम असतानाच काढला, तर आटे सोलून निघतात.

दुरुस्ती कशी होते?

यासाठी 'हेलिकॉइल' वापरतात. ही स्टेनलेस स्टीलच्या तारेची स्प्रिंगसारखी गुंडाळी असते.

१. हेड उतरवून भोक थोडं मोठं केलं जातं. ड्रिल सरळच हवं.

२. हेलिकॉइलच्या खास टॅपने नवे आटे पाडतात. टॅपला ग्रीस लावल्यास चुरा चिकटून राहतो.

३. भोक साफ करून गुंडाळी फिरवत आत बसवतात. ती पृष्ठभागाच्या किंचित खाली राहायला हवी.

४. गुंडाळीचं खालचं शेपूट काढून टाकतात. ते सिलिंडरमध्ये पडलं, तर पिस्टन खराब होऊ शकतो.

आतल्या बाजूने मूळ माप कायम राहतं, त्यामुळे जुनाच प्लग बसतो. स्टीलचे आटे ॲल्युमिनियमपेक्षा मजबूतही असतात.

काय करू नये?

एम-सील भरणं किंवा मोठा बोल्ट ठोकून बसवणं टाळा. भोकाजवळ तडा असेल, तर हेलिकॉइल पुरत नाही. तिथे आर्गॉन वेल्डिंगने भोक भरून, लेथवाल्याकडून पृष्ठभाग सपाट करून नव्याने आटे पाडावे लागतात.

पुन्हा असं होऊ नये म्हणून

इंजिन थंड झाल्यावरच प्लग काढा. बसवताना सुरुवातीचे फेरे हाताने द्या. अडकला तर जोर न लावता उलटा फिरवून पुन्हा बसवा. पाना शेवटी लावा, शक्यतो टॉर्क रेंच.