अठ्ठ्याहत्तर मिनिटं

19 जुलै 2024, शुक्रवार. सगळ्या वेळा भारतीय.

पहाटे 3:30 च्या सुमारास
मायक्रोसॉफ्टच्या अझूर क्लाउडचा अमेरिकेतला एक विभाग आडवा झाला. पुढे जे घडलं त्याच्याशी याचा संबंध नव्हता, पण दिवसभर लोकांनी दोन्ही बिघाड मायक्रोसॉफ्टच्याच खात्यावर मांडले.

5:05
तेव्हाच्या जालना-मुंबई वंदे भारतची सुटायची वेळ. नवीन जालन्यातून दुपारच्या विमानासाठी मुंबईला निघालेल्या माणसाला काळजी असलीच तर पावसाची.

9:39
वेळापत्रक पाळलं असेल तर गाडी नाशिक रोड सोडून घाटाकडे लागलेली. याच मिनिटाला क्राउडस्ट्राइक या कंपनीने एक छोटी फाईल जगभर सोडली. मोठमोठ्या कंपन्यांच्या कॉम्प्युटरवर पहारा देणारं तिचं 'फाल्कन' थेट विंडोजच्या कर्नलमध्ये बसतं. फाईलचं नाव चॅनेल फाईल 291. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती नव्हती ती. घुसखोरी कशी ओळखायची याच्या खुणा होत्या.

खरी गोम इथेच आहे. शहाण्या आयटी विभागांनी फाल्कनला एक-दोन आवृत्त्या मागेच ठेवलं होतं: नवं आधी दुसऱ्यांनी वापरावं, मग आपण. पण ही सोय फक्त आवृत्त्यांना लागू होती. खुणांच्या फाईली कुणालाही न विचारता सगळ्यांकडे एकदम जात. सावधगिरी बाळगणारा आणि बेफिकीर, दोघेही एकाच फटक्यात आडवे.

चूक फेब्रुवारीपासून दबा धरून होती. त्या महिन्यात आलेल्या नव्या साच्यात 21 रकाने होते, आणि कर्नलमधला कोड पुरवत होता 20. मार्चमध्ये चाचणी झाली, एप्रिलमध्ये अशा फाईली गेल्याही. काही बिघडलं नाही, कारण एकविसाव्या रकान्यात 'काहीही चालेल' एवढंच लिहिलेलं असे आणि तो कुणी वाचतच नसे. 19 जुलैच्या फाईलने तो पहिल्यांदा वाचायला लावला. कोड अस्तित्वातच नसलेल्या जागी हात घालायला गेला आणि विंडोज कोसळलं. फाईल तपासणाऱ्या प्रोग्रॅममध्येही चूक होती, त्यामुळे त्याने ती पास केली होती.

10:40
देशभरातल्या विमान कंपन्यांची चेक-इन यंत्रणा कोलमडल्याची नोंद नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने या वेळेपासून केली. इंडिगो, अकासा, स्पाइसजेट. मुंबई-दिल्लीत रांगा, आणि पेनाने लिहिलेले बोर्डिंग पास.

10:57
कंपनीने फाईल मागे घेतली. 78 मिनिटं. आपली गाडी अजून सीएसएमटीला पोहोचलेली नाही. या वेळेत ज्यांचा कॉम्प्युटर बंद होता ते वाचले. अकराला उगवणाऱ्या ऑफिसांचं असं फावलं! अमेरिकेत रात्र होती, पण रात्रभर चालू ठेवलेली यंत्रं सापडली.

11:55
गाडीची सीएसएमटीला पोहोचायची वेळ. रेल्वेचं काही बिघडलं नव्हतं. शेअर बाजार चालू होते, सरकारच्या एनआयसीचं नेटवर्कही शाबूत.

दुपार
फाईल मागे घेतली तरी मेलेल्या यंत्राला ते कळणार कसं? निळा पडदा, रीस्टार्ट, पुन्हा निळा पडदा. नेटवर्क सुरू व्हायच्या आतच विंडोज पडतं, म्हणून दुरून दुरुस्ती नाही. प्रत्येक यंत्रापाशी माणूस बसवायचा, सेफ मोड उघडायचा, ड्रायव्हर्सच्या फोल्डरमधल्या क्राउडस्ट्राइकमध्ये जाऊन 'सी-00000291' ने सुरू होणारी फाईल उडवायची. डिस्कला बिटलॉकर असेल तर आधी 48 आकडी किल्ली टाकायची, आणि बऱ्याच ठिकाणी किल्ल्यांची यादी अशाच एखाद्या मेलेल्या सर्व्हरवर. काही यंत्रं पंधरा-पंधरा वेळा रीस्टार्ट करून उठतील, असाही मायक्रोसॉफ्टचा सल्ला होता.

नवं टप्प्याटप्प्याने द्यायची व्यवस्था लिनक्सच्या जगात डेबियनने फार आधी लावली आहे. नवं पॅकेज आधी 'अनस्टेबल'मध्ये येतं, तिथे काही दिवस गंभीर तक्रार आली नाही तर 'टेस्टिंग'मध्ये जातं, आणि यथावकाश 'स्टेबल'मध्ये. अनस्टेबलचं कायमचं नाव 'सिड', टॉय स्टोरीतल्या खेळणी मोडणाऱ्या पोराचं. ज्याला सिड वापरायचं त्याने खुशाल वापरावं. अपग्रेडआधी स्नॅपशॉट घ्यावा, आणि नवा कर्नल रुसला तर सुरू होताना दिसणाऱ्या ग्रबच्या मेनूतून जुना निवडावा. नवीन जालन्यातल्या एखाद्या आडत दुकानात फाल्कन कशाला असेल? हिशेबाची टॅली मात्र असते. नव्या रिलीजमध्ये डेटा एकदा रूपांतरित झाला की जुन्या रिलीजमध्ये उघडत नाही. बॅकअप पेनड्राइव्हवर आधीच घेतलेला नसेल तर हिशेबनीसाला परतीची वाट उरत नाही. माझ्या मते नवं वापरण्यात धोका कमीच. सगळ्यांना एकदम देण्यात आणि परतीची वाट न ठेवण्यात तो खरा आहे.

20 जुलै, पहाटे 3:00
या वेळेपासून विमानतळांवरच्या यंत्रणा पूर्ववत होऊ लागल्याचं नागरी विमान वाहतूक मंत्र्यांनी नंतर सांगितलं. तोवर एकट्या इंडिगोच्या 200 च्या आसपास फेऱ्या रद्द झाल्या होत्या. त्याच दिवशी मायक्रोसॉफ्टने आकडा दिला: 85 लाख यंत्रं, म्हणजे विंडोज चालणाऱ्या एकूण यंत्रांच्या एक टक्क्याहूनही कमी. पण ती यंत्रं होती विमानतळांची, इस्पितळांची, बँकांची.

29 जुलै
फाल्कनची सुमारे 99 टक्के विंडोज यंत्रं परत सुरू. 6 ऑगस्टला कारणांचा सविस्तर अहवाल आला. यापुढे खुणांच्या फाईलीही टप्प्याटप्प्याने जातील, आणि कोणत्या टप्प्यात घ्यायच्या हे ग्राहक ठरवेल, असं कंपनीने त्यात लिहिलं.