ऑर्थोकेरॅटॉलॉजी

ऑर्थोकेरॅटॉलॉजी : रात्री झोपताना विशिष्ट आकाराचे कठीण स्पर्शभिंग डोळ्यावर बसवून स्वच्छमंडलाची (डोळ्याच्या पुढील पारदर्शक पडद्याची) वक्रता तात्पुरती कमी करण्याच्या व त्यायोगे निकटदृष्टिता सुधारण्याच्या पद्धतीस ही संज्ञा आहे. सकाळी भिंग काढून ठेवल्यावर दिवसभर चष्म्यावाचून दूरचे स्पष्ट दिसते. दृष्टिदोषाचे कायमचे निवारण हे या पद्धतीच्या आद्य प्रवर्तकांचे उद्दिष्ट होते. ते साध्य झाले नाही. परिणाम तात्पुरता आहे हे मान्य झाल्यावरच पद्धतीला स्थिर रूप आले.

निकटदृष्टितेत नेत्रगोल बहुधा वाजवीपेक्षा लांब असतो. त्यामुळे दूरच्या वस्तूची प्रतिमा जालपटलावर न पडता त्याच्या पुढे पडते. डोळ्याच्या सु. ६० डायॉप्टर प्रणमनशक्तीपैकी सु. ४३ डायॉप्टर शक्ती स्वच्छमंडलाची असते. म्हणून त्याची वक्रता किंचित बदलली, तरी प्रतिमेचे स्थान बरेच सरकते [⟶ डोळा].

इतिहास : आडोल्फ फिक यांनी १८८८ मध्ये काचेच्या स्पर्शभिंगाचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याच सुमारास पॅरिसमध्ये यूजीन काल्ट यांनी शंकूसारखे पुढे आलेले स्वच्छमंडल काचेच्या कवचाने दाबून सपाट करण्याचा प्रयत्न केला. केव्हिन टूही यांनी १९४८ मध्ये केवळ स्वच्छमंडलावर बसणारे प्लॅस्टिकचे लहान भिंग तयार केले, तेव्हापासून कठीण स्पर्शभिंगांचा प्रसार झाला. ही भिंगे वापरणाऱ्या काही व्यक्तींच्या स्वच्छमंडलाचा आकार बदलतो व भिंग काढल्यावरही काही काळ त्यांची निकटदृष्टिता कमी भासते, असे आढळून आले. जो दुष्परिणाम समजला जात होता, त्याचाच हेतुपुरस्सर उपयोग करण्याची कल्पना अमेरिकेतील दृष्टितज्ञ जॉर्ज जेसेन यांनी १९६२ मध्ये मांडली. स्वच्छमंडलापेक्षा अधिक सपाट भिंग दिवसा वापरावयाचे व ते टप्प्याटप्प्याने बदलत जावयाचे, असे तिचे स्वरूप होते.

या पद्धतीत दोन अडचणी होत्या. सपाट भिंग मध्यभागी स्थिर राहत नसे. ते घसरल्यास स्वच्छमंडलाची वक्रता निरनिराळ्या दिशांत असमान होई. शिवाय त्या काळच्या प्लॅस्टिकमधून ऑक्सिजन जवळजवळ पार होत नसे. स्वच्छमंडलात रक्तवाहिन्या नसल्याने त्याला ऑक्सिजन मुख्यतः हवेतून मिळतो व पापण्या मिटल्यावर हा पुरवठा कमी होतो. त्यामुळे असे भिंग घालून झोपणे धोक्याचे होते. १९७० नंतर झालेल्या नियंत्रित पाहण्यांत, विशेषतः बर्कली येथील १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, सरासरी सुधारणा सु. १ डायॉप्टर एवढीच आढळली व भिंगाचा वापर थांबताच तीही ओसरू लागली. परिणामी नेत्रवैद्यकात ही पद्धत मागे पडली.

तिचे पुनरुज्जीवन दोन सुधारणांमुळे झाले. सिलिकॉन व फ्ल्युओरीन यांनी युक्त अशा बहुवारिकांपासून ऑक्सिजन-पार्य कठीण भिंगे बनू लागली. १९८९ च्या सुमारास अमेरिकेत व्यस्त वक्रतेचे भिंग प्रचारात आले. त्याचा मध्यभाग सपाट असून त्याभोवती अधिक वक्र असे वलय असते. त्यामुळे भिंग जागेवर राहते. आठवड्यांचे काम काही रात्रींत होऊ लागले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००२ मध्ये अशा भिंगाच्या रात्रीच्या वापरास मान्यता दिली. निकटदृष्टितेची कमाल मर्यादा ६ डायॉप्टर ठेवण्यात आली.

कार्यतत्त्व : भिंगाखालील अश्रूंच्या पातळ थरात निर्माण होणाऱ्या दाबांमुळे स्वच्छमंडलाचा अभिस्तर (कोशिकांचा सर्वांत बाहेरचा थर) मध्यभागी पातळ होतो व त्याभोवतीच्या वलयात जाडी वाढते. स्वच्छमंडल सबंध वाकत नाही, ही गोष्ट १९९८ मधील संशोधनानंतर स्पष्ट होत गेली. ४ मिमी. व्यासाच्या मध्यभागात ३ डायॉप्टर सुधारणा करण्यास गणिताने सु. १६ मायक्रोमीटर जाडी कमी व्हावी लागते. अभिस्तराची एकूण जाडीच सु. ५० मायक्रोमीटर असल्याने सुधारणेला नैसर्गिक मर्यादा पडते. अभिस्तराच्या कोशिका सतत नव्याने तयार होत असल्यामुळे भिंग बंद केल्यावर मूळ आकार परत येतो.

मुलांमधील उपयोग : पुढे या पद्धतीचा एक अनपेक्षित लाभ दिसून आला. हाँगकाँगमध्ये ६ ते १० वर्षे वयाच्या मुलांवर केलेल्या व २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या यादृच्छिक चाचणीत दोन वर्षांत चष्मा वापरणाऱ्या मुलांच्या नेत्रगोलाची लांबी सरासरी ०·६३ मिमी. वाढली, तर ही भिंगे वापरणाऱ्यांची ०·३६ मिमी. वाढली. जालपटलाच्या कडेच्या भागावरील प्रतिमेचे स्थान बदलल्याने वाढीस आळा बसत असावा, असे मानतात. नेत्रगोल फार लांबल्यास उत्तरायुष्यात जालपटल सुटणे, काचबिंदू यांसारख्या विकारांचा संभव वाढतो. म्हणून या निष्कर्षास महत्त्व आहे.

धोके : या लाभासाठी मोजावी लागणारी किंमत म्हणजे जंतुसंसर्गाचा धोका. २००१ च्या सुमारास चीन व तैवानमध्ये स्वच्छमंडलाच्या व्रणांचे अनेक रुग्ण आढळले. त्यांत लहान मुले बरीच होती व काहींची दृष्टी कायमची अधू झाली. स्यूडोमोनस हे सूक्ष्मजंतू व पाण्यातील अकँथामीबा हे आदिजीव मुख्यतः कारणीभूत होते. भिंगे नळाच्या पाण्याने धुणे, अपुरे प्रशिक्षण व शिथिल देखरेख यांमुळे रोगाला वाव मिळाला. त्यानंतर चीनमध्ये निर्बंध कडक करण्यात आले. अमेरिकेतील २०१३ च्या एका पाहणीत अशा संसर्गाचे प्रमाण १०,००० रुग्णवर्षांस सु. ७·७ आढळले, मात्र दोनच रुग्णांवर आधारलेला हा अंदाज ढोबळ आहे.

चष्म्याने असा व्रण होत नाही. पण साधा चष्मा नेत्रगोलाची वाढही रोखत नाही. म्हणून मुलाच्या बाबतीत ही पद्धत योजताना निकटदृष्टिता किती वेगाने वाढत आहे, घरी भिंगांची स्वच्छता काटेकोरपणे पाळली जाईल किंवा नाही आणि नेत्रतज्ञाकडून नियमित तपासणी शक्य आहे काय, या तिन्ही गोष्टींचा विचार करावा लागतो. डोळा लाल होणे, दुखणे किंवा अंधुक दिसणे यांपैकी काहीही झाल्यास भिंगाचा वापर तत्काळ थांबवून नेत्रतज्ञाकडे जाणे आवश्यक असते.