महाखुल्या ऑनलाइन अभ्यासक्रमांवरील संशोधन

महाखुले ऑनलाइन अभ्यासक्रम (रूढ नाव ‘मूक्स’) : प्रवेशाला पात्रतेची अट नाही, शिकण्याला सहसा शुल्क नाही आणि विद्यार्थिसंख्येला मर्यादा नाही, अशा आंतरजालावरील वर्गांचा अभ्यास करणारी ही शिक्षणशास्त्राची शाखा २००८ नंतर आकाराला आली. किती जणांनी अभ्यासक्रम पूर्ण केला, हा तिचा सुरुवातीचा प्रश्न होता. पुढे कोण शिकले आणि कशा रचनेमुळे शिकता आले, याकडे तिचा रोख वळला. महाराष्ट्राची खरी भर या दुसऱ्या प्रश्नात आहे.

दुरून शिकवण्याचा अनुभव भारताला नवा नव्हता. विद्यापीठ अनुदान आयोगाचे दूरचित्रवाणीवरील पाठ १९८४ मध्ये सुरू झाले. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये स्थापन झाले. २००३ पासून आयआयटी आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था ‘एनपीटीईएल’द्वारे अभियांत्रिकीची व्याख्याने खुली करू लागल्या. त्यामुळे मूक्सचा इतिहास केवळ कॅनडा-अमेरिकेपासून मोजणे अपुरे ठरते.

कॅनडातील मॅनिटोबा विद्यापीठात जॉर्ज सीमेन्स आणि स्टीफन डाउन्स यांनी २००८ मध्ये घेतलेल्या अभ्यासक्रमाला शुल्क भरलेले सुमारे २५ आणि विनाशुल्क सुमारे २,२०० विद्यार्थी होते. त्या काळातले बरेचसे लेखन शिकवणाऱ्यांनीच आपल्या प्रयोगाविषयी केलेले होते. २०११ मध्ये स्टॅनफर्डच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या अभ्यासक्रमाला सुमारे १ लाख ६० हजार जणांनी नावे नोंदवली. पुढच्याच वर्षी कोर्सेरा, एडेक्स ही व्यासपीठे आली आणि प्रत्येक क्लिकची नोंद संशोधकांच्या हाती पडली. हार्वर्ड आणि एमआयटीच्या पहिल्या १७ अभ्यासक्रमांच्या २०१४ मधील अहवालात ८,४१,६८७ नोंदण्या आणि ४३,१९६ प्रमाणपत्रे होती. म्हणजे प्रमाणपत्रे नोंदण्यांच्या जेमतेम ५ टक्के.

या आकड्याचा बोलबाला फार झाला; त्याचा अर्थ मात्र वरवरचा लावला गेला. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१३ मध्येच विद्यार्थ्यांचे चार गट दाखवले होते : पूर्ण करणारे, परीक्षा टाळून फक्त ऐकणारे, मध्येच सोडणारे आणि एखादा पाठ चाळून पाहणारे. या सगळ्यांना एकाच ‘गळती’त मोजणे चूक आहे, ही या शाखेची पहिली ठोस समज. सामाजिक प्रश्न त्याहून गंभीर निघाला. अमेरिकेतील नोंदींवर आधारलेल्या २०१५ च्या अभ्यासात या अभ्यासक्रमांचा लाभ सधन वस्त्यांतील लोक अधिक घेत असल्याचे आढळले. विषमता मिटवण्याचे आश्वासन देणाऱ्या साधनाबाबत हा निष्कर्ष विसरता येणार नाही. २०१९ मध्ये जस्टिन राइक आणि होझे रुइपेरेस-व्हालिएन्ते यांनी हार्वर्ड-एमआयटीच्या अभ्यासक्रमांचे २०१७-१८ मधले पूर्णतेचे प्रमाण ३.१३ टक्के दाखवले. विद्यार्थ्याला नियोजन लिहायला लावण्यासारख्या छोट्या मानसशास्त्रीय उपायांनी हे चित्र बदलेल, अशी आशा होती. सुमारे अडीच लाख विद्यार्थ्यांवरील २०२० च्या अभ्यासात त्यांचा परिणाम अल्पच दिसला.

भारतात प्रश्नाचे स्वरूपच वेगळे आहे. ‘स्वयम’ या राष्ट्रीय व्यासपीठाचे ९ जुलै २०१७ रोजी उद्घाटन झाले. त्यावरील अभ्यासक्रमांतून २० टक्क्यांपर्यंत श्रेयांक घेण्याची मुभा आयोगाच्या २०१६ च्या विनियमांनी दिली होती. २०२१ मध्ये ही मर्यादा ४० टक्के झाली. श्रेयांकासाठी बसलेला विद्यार्थी हौसेने डोकावणारा नसतो. एनपीटीईएलवर तर शिकणे विनामूल्य आणि परीक्षेची नोंदणी वेगळी, सशुल्क. टक्केवारी काढताना भाजक कोणता धरला, हे न सांगणारा अभ्यास इथे निरुपयोगी ठरतो.

कशा रचनेमुळे शिकता येते, या प्रश्नाला मुंबईच्या आयआयटीने शिक्षकाच्या बाजूने हात घातला. दीपक फाटक यांच्या पुढाकाराने देशभरच्या हजारो प्राध्यापकांची दूरस्थ प्रशिक्षणे झाली. एडेक्सच्या ‘ओपन एडेक्स’ या खुल्या प्रणालीवर ‘आयआयटीबॉम्बेएक्स’ हे व्यासपीठ उभे राहिले. त्या अनुभवातून सहाना मूर्ती, जयकृष्णन वारियम, समीर सहस्रबुद्धे आणि श्रीधर अय्यर यांनी २०१८ मध्ये विद्यार्थिकेंद्री मूक्सचा आराखडा मांडला. त्यात व्हिडिओ म्हणजे एकतर्फी व्याख्यान नव्हे : ठरावीक ठिकाणी तो थांबतो, विद्यार्थी विचार करून उत्तर लिहितो आणि मगच स्पष्टीकरण पुढे जाते. सरावातून लगेच प्रतिसाद, आवडीनुसार पुढे नेणारे वाचन आणि दिशा देऊन घडवलेली चर्चा हे त्याचे उरलेले भाग. परदेशी संशोधन बऱ्याच अंशी मागे उरलेल्या नोंदी वाचत होते. या गटाने अभ्यासक्रम बांधण्याची रीतच संशोधनाचा विषय केली. हे काम मराठी शिक्षणचर्चेत जेवढे यायला हवे तेवढे आलेले नाही.

रचनेइतकाच भाषेचा प्रश्नही महत्त्वाचा आहे. छत्रपती संभाजीनगर येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या (स्थापना १९५८) कार्यक्षेत्रात छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव हे जिल्हे येतात. बारावीपर्यंत मराठीतून शिकून पदवीला आलेल्या इथल्या विद्यार्थ्यापुढे इंग्रजी व्याख्यानाचा अडसर पहिल्याच पाठात उभा राहतो. मुंबई आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’चे मराठी पाठ आणि एनपीटीईएलच्या साहित्याचे मराठी भाषांतर यांनी तो काहीसा कमी होतो. किती कमी होतो, हे मोजण्यासाठी एकाच अभ्यासक्रमाची मराठी आणि इंग्रजी आवृत्ती तुलनेला घ्यावी लागेल. आणि त्या मोजणीत नोंदणी, परीक्षेचा अर्ज, प्रत्यक्ष हजेरी व मिळालेले श्रेयांक हे चार आकडे जिल्हावार वेगवेगळे ठेवावे लागतील.