नवी प्रणाली, जुनी अक्षरे

नागपुरातील एका शाळेची जुनी स्मरणिका आम्ही काही वर्षांपूर्वी संगणकावर उघडली. 'भारत' या शब्दाच्या जागी एच, के, के, जे, आर अशी पाच रोमन अक्षरे उमटली. नवी ऑपरेटिंग सिस्टीम भरून देणाऱ्याने 'फायली सांभाळल्या आहेत' असे सांगितले होते, आणि ते खरेच होते! गेला होता तो कृतिदेव फाँट.

कार्यप्रणाली बदलताना काय टिकते, याचाही एक इतिहास आहे. विंडोज ३.१ मध्ये बऱ्याच प्रोग्रामांची मांडणी 'विन.आयएनआय'सारख्या साध्या मजकुराच्या फायलींत असे. १९९५ साली विंडोज ९५ आली. ती जुन्याच डिरेक्टरीत बसवली तर ही मांडणी उचलून घेई. वेगळ्या डिरेक्टरीत बसवली की बहुतेक सॉफ्टवेअर पुन्हा भरावे लागे. पुढे नोंदी 'रजिस्ट्री'त एकत्र होऊ लागल्या. त्यामुळे प्रोग्रामचे फोल्डर नुसते उचलून नव्या प्रणालीत ठेवले तर तो चालेलच असे नाही. मूल नव्या शाळेत आले, दाखला जुन्या शाळेतच राहिला, असा हा प्रकार. २००९ च्या विंडोज ७ वर तर एक्सपीवरून थेट जाताच येत नसे. फायली व मांडणी नेण्याची सोय होती, सॉफ्टवेअर मात्र नव्याने भरायचे.

मराठीची अडचण याहून खोल होती. १९९१ साली भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' हे सांकेतिक मानक ठरले. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. पण बाजारातले फाँट वेगळ्याच वाटेने गेले. त्यांनी रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवले. कृतिदेवमध्ये 'क' टंकला की फायलीत १०० हा अंक, म्हणजे रोमन 'डी', जातो. युनिकोडमध्ये 'क'चा अंक २३२५ आहे. फायलीत फाँटचे नाव राहते, फाँट राहत नाही.

आमच्या सुदैवाने जुनी हार्डडिस्क कपाटात होती. तिच्यातील 'फाँट्स' फोल्डरमधून कृतिदेव काढला आणि मजकूर रूपांतरकातून युनिकोडमध्ये नेला. येथे विद्यार्थ्यांना दाखवण्याजोगी गंमत आहे. जुन्या फाँटात 'गणित' लिहिताना पहिली वेलांटी 'ण'च्या आधी टंकत, कारण ती डावीकडे दिसते. युनिकोडमध्ये ती 'ण'नंतर येते, जशी आपण उच्चारतो. 'वर्ग'मधला रफार याच्या उलट: पूर्वी 'ग'नंतर, आता 'ग'च्या आधी. रूपांतरक नेमके येथेच चुकतात. म्हणून आठवीच्या मुलांनी सगळी पाने छापील प्रतीशी ताडून वाचली.

एका कवितेखालचे नाव तेवढे रोमनच राहिले. ते दुसऱ्या फाँटमध्ये होते, आणि छापील प्रतीतले नेमके ते पान फाटलेले आहे.