संसदीय राजभाषा समिती

संसदीय राजभाषा समिती ही राजभाषा अधिनियम, १९६३ च्या कलम ४ अन्वये स्थापन झालेली, भारतीय संसदेच्या दोन्ही सभागृहांतील सदस्यांची समिती आहे. संघराज्याच्या शासकीय कामकाजात हिंदीच्या वापराची प्रगती तपासणे आणि त्याविषयीच्या शिफारशींचा अहवाल राष्ट्रपतींना सादर करणे हे तिचे कार्य होय. समितीत ३० सदस्य असतात. ती जानेवारी १९७६ मध्ये अस्तित्वात आली.

संसदेच्या इतर समित्यांपेक्षा ही समिती अनेक बाबतींत वेगळी आहे. ती सभागृहाच्या नियमांतून नव्हे, तर अधिनियमातून निर्माण झाली आहे. ती आपला अहवाल सभागृहाला न देता राष्ट्रपतींना देते, आणि तिच्या अध्यक्षस्थानी केंद्रीय गृहमंत्री असतात. तिच्या शिफारशींना मर्यादाही कायद्यानेच घातली आहे. इंग्रजीचा वापर थांबवण्याचा निर्णय ती सुचवू शकली, तरी तो घडवून आणण्याची किल्ली महाराष्ट्रासारख्या अहिंदी राज्यांच्या विधानमंडळांकडे आहे.

घटनात्मक पार्श्वभूमी

संविधान सभेने १४ सप्टेंबर १९४९ रोजी भाषाविषयक तरतुदी स्वीकारल्या. मुन्शी-अय्यंगार सूत्र या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या तडजोडीनुसार देवनागरी लिपीतील हिंदी ही संघराज्याची राजभाषा ठरली आणि इंग्रजीचा वापर पंधरा वर्षे चालू ठेवण्यात आला. पुढील वाटचालीसाठी अनुच्छेद ३४४ मध्ये दोन टप्प्यांची व्यवस्था आहे. संविधानाच्या प्रारंभापासून पाच वर्षांनी व पुन्हा दहा वर्षांनी राष्ट्रपतींनी आयोग नेमावा आणि आयोगाच्या शिफारशी संसदेच्या ३० सदस्यांच्या समितीने तपासाव्यात, असे त्यात म्हटले आहे. शिफारशी करताना देशाची औद्योगिक, सांस्कृतिक व वैज्ञानिक प्रगती, तसेच लोकसेवांबाबत अहिंदी भाषकांचे न्याय्य हक्क लक्षात घेणे आयोगावर बंधनकारक आहे. यातील दुसरा आयोग कधीच नेमला गेला नाही.

खेर आयोग आणि पंत समिती

पहिला राजभाषा आयोग ७ जून १९५५ रोजी नेमण्यात आला. मुंबई प्रांताचे पंतप्रधान (१९३७) व पुढे मुख्यमंत्री राहिलेले बाळ गंगाधर खेर हे त्याचे अध्यक्ष होते. आयोगाने १९५६ मध्ये अहवाल दिला. अहवाल संसदेपुढे येण्यापूर्वीच, ८ मार्च १९५७ रोजी खेर यांचे निधन झाले. आयोगाचा कल हिंदीचा वापर क्रमाने वाढवण्याकडे होता. मात्र बंगालचे भाषाशास्त्रज्ञ सुनीतिकुमार चटर्जी आणि मद्रासचे पी. सुब्बरायन यांनी भिन्नमतपत्रिका जोडल्या. घाईने केलेला बदल अहिंदी भाषकांना केंद्रीय सेवांमध्ये मागे टाकील, हा त्यांच्या आक्षेपाचा गाभा होता. नंतरच्या प्रत्येक वादात हाच मुद्दा पुन्हा पुढे आला आहे.

अहवालाच्या छाननीसाठी १९५७ मध्ये लोकसभेतून २० व राज्यसभेतून १० सदस्य निवडून समिती स्थापन झाली. तत्कालीन गृहमंत्री गोविंद वल्लभ पंत अध्यक्ष झाले आणि गृहमंत्र्यांकडे अध्यक्षपद राहण्याचा प्रघात तेथून सुरू झाला. समितीने ८ फेब्रुवारी १९५९ रोजी अहवाल दिला. १९६५ नंतर हिंदी ही मुख्य व इंग्रजी ही सहायक भाषा असावी, परंतु बदलासाठी ठाम तारीख बांधून घेऊ नये, असा तिचा मध्यम मार्ग होता. या सौम्यतेने दोन्ही टोकांचे सदस्य असमाधानी राहिले.

त्याच वर्षी फ्रँक अँथनी यांनी इंग्रजीचा समावेश आठव्या अनुसूचीत करावा, असा अशासकीय ठराव लोकसभेत मांडला. त्यावरील चर्चेत ७ ऑगस्ट १९५९ रोजी पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांनी सांगितले की, लोकांना हवी असेल तोवर इंग्रजी पर्यायी भाषा म्हणून राहील आणि याचा निर्णय हिंदी भाषकांनी नव्हे, तर अहिंदी भाषकांनी करावा. पंत समितीच्या अहवालावरील राष्ट्रपतींचा आदेश २७ एप्रिल १९६० रोजी निघाला. नेहरूंचे आश्वासन मात्र कोणत्याही कायद्यात नव्हते, आणि पुढील दशकाचा संघर्ष ते कायद्यात आणण्यावरूनच झाला.

१९६३ चा अधिनियम

राजभाषा विधेयक गृहमंत्री लालबहादूर शास्त्री यांनी एप्रिल १९६३ मध्ये लोकसभेत मांडले. पंधरा वर्षांची मुदत संपल्यानंतरही इंग्रजीचा वापर हिंदीच्या जोडीने ‘चालू ठेवता येईल’, असे कलम ३ मध्ये होते. विरोधकांची हरकत याच क्रियापदावर होती. ‘चालू ठेवता येईल’ ही केवळ मुभा आहे. ‘चालू राहील’ असे शब्द असल्याशिवाय आश्वासनाला कायद्याचे बळ येत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. राज्यसभेत सी. एन. अण्णादुराई यांनी हा मुद्दा लावून धरला. सरकारने शब्द बदलला नाही. विधेयकाला १० मे १९६३ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली.

२६ जानेवारी १९६५ रोजी कलम ३ अंमलात आले तेव्हा मद्रास राज्यात मोठे आंदोलन पेटले होते. केंद्रीय मंत्री सी. सुब्रमण्यम आणि ओ. व्ही. अळगेसन यांनी राजीनामे दिले. तोवर पंतप्रधान झालेल्या शास्त्रींना ११ फेब्रुवारी रोजी आकाशवाणीवरून नेहरूंच्या आश्वासनाचा पुनरुच्चार करावा लागला.

१९६७ ची सुधारणा आणि राजभाषा संकल्प

आश्वासनाला कायद्याचे रूप देण्याचे काम गृहमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्याकडे आले. त्यांनी नोव्हेंबर १९६७ मध्ये राजभाषा (सुधारणा) विधेयक मांडले आणि त्याच्या जोडीला एक संकल्पही ठेवला. विधेयक अहिंदी राज्यांना हमी देणारे होते. संकल्प हिंदीच्या प्रसाराचा कार्यक्रम सांगणारा होता. उत्तरेत इंग्रजीविरोधी आंदोलन चालू होते, तर संकल्पातील भरतीविषयक भागावर दक्षिणेचा आक्षेप होता. त्यामुळे चव्हाणांना दोन्ही बाजूंना उत्तरे द्यावी लागली. विधेयक डिसेंबरमध्ये संमत झाले व ८ जानेवारी १९६८ रोजी त्याला संमती मिळाली.

या सुधारणेने आलेले कलम ३ (५) हे संपूर्ण अधिनियमातील सर्वांत महत्त्वाचे कलम मानावे लागते. हिंदीला राजभाषा म्हणून न स्वीकारलेल्या सर्व राज्यांच्या विधानमंडळांनी इंग्रजीचा वापर बंद करण्याचे ठराव केल्यानंतर, आणि त्यांचा विचार करून संसदेच्या प्रत्येक सभागृहाने तसा ठराव केल्यानंतरच, इंग्रजी थांबवता येते. एकाही अशा राज्याने ठराव न केल्यास इंग्रजी कायम राहते. महाराष्ट्राने मराठीला राजभाषा केले असल्याने महाराष्ट्र विधानमंडळालाही हा अधिकार आहे. समितीविषयीच्या कलम ४ लाही तेव्हाच परंतुक जोडले गेले. समितीच्या अहवालावरून काढलेले निदेश कलम ३ शी विसंगत असू नयेत, असे ते सांगते.

संकल्पात त्रिभाषा सूत्र, आठव्या अनुसूचीतील भाषांचा विकास आणि संघ लोकसेवा आयोगाच्या परीक्षा या भाषांतून घेण्याचा उल्लेख होता. मद्रास विधानसभेने जानेवारी १९६८ मध्ये त्रिभाषा सूत्र नाकारले. महाराष्ट्राने ते स्वीकारले.

रचना व कार्यपद्धती

कलम ३ अंमलात येऊन दहा वर्षे झाल्यावर, राष्ट्रपतींच्या पूर्वमंजुरीने मांडलेला ठराव दोन्ही सभागृहांनी संमत केल्यास समिती स्थापन व्हावी, अशी तरतूद आहे. लोकसभेतील २० आणि राज्यसभेतील १० सदस्य त्या त्या सभागृहातून एकल संक्रमणीय मताच्या प्रमाणशीर प्रतिनिधित्व पद्धतीने निवडले जातात. लोकसभा विसर्जित झाल्यावर तेथील सदस्यांची निवड नव्याने होते.

विभागसंबंधित स्थायी समित्यांमध्ये मंत्र्यांना सदस्य होता येत नाही. येथे मात्र ज्या गृहमंत्रालयाच्या राजभाषा विभागाकडे धोरणाची अंमलबजावणी आहे, त्याच मंत्रालयाचे मंत्री समितीचे अध्यक्ष असतात. कार्यपालिकेवर देखरेख ठेवणारी संसदीय समिती, या नेहमीच्या अर्थाने हिच्याकडे पाहता येत नाही, ते यामुळेच.

प्रत्यक्ष काम तीन उपसमित्यांमधून चालते. मंत्रालये, सार्वजनिक उपक्रम, राष्ट्रीयीकृत बँका आदींची कार्यालये त्यांच्यात विभागलेली आहेत. निरीक्षणापूर्वी कार्यालयाला विस्तृत प्रश्नावली पाठवली जाते. हिंदीतून किती पत्रे गेली, किती कर्मचाऱ्यांना हिंदीचे कार्यसाधक ज्ञान आहे, कलम ३ (३) खालील आदेश, अधिसूचना, निविदा व करार द्विभाषिक निघाले का, अशी माहिती तीत भरावी लागते. सदस्य कार्यालयप्रमुखांशी चर्चा करतात. उणिवा आढळल्यास त्या ठराविक मुदतीत दूर करण्याचे आश्वासन घेतले जाते. अहवालाचे लेखन व मान्यवरांच्या साक्षी यांसाठी आलेख व साक्ष्य उपसमिती आहे.

राष्ट्रपती अहवाल दोन्ही सभागृहांपुढे ठेववितात व सर्व राज्य शासनांना पाठवितात. राज्यांची मते विचारात घेऊन मग निदेश निघतात. या प्रक्रियेला बराच काळ लागतो. नववा खंड २०११ मध्ये सादर झाला आणि त्यावरील आदेश ३१ मार्च २०१७ रोजी निघाला. पहिला खंड १९८७ मधील असून तो अनुवादाविषयी होता. १९९२ मधील पाचवा खंड विधि व न्यायालयांच्या भाषेविषयी होता. सप्टेंबर २०२२ मध्ये सादर झालेल्या अकराव्या खंडातील शिफारशी वृत्तपत्रांतून बाहेर आल्यावर तमिळनाडू व केरळच्या मुख्यमंत्र्यांनी पंतप्रधानांना विरोधाची पत्रे लिहिली आणि ऑक्टोबरमध्ये तमिळनाडू विधानसभेने विरोधाचा ठराव केला.

महाराष्ट्र आणि ‘ख’ क्षेत्र

समिती ज्या नियमांच्या आधारे कार्यालये तपासते, ते राजभाषा नियम, १९७६ देशाचे तीन क्षेत्रांत विभाजन करतात. हिंदी भाषक राज्ये ‘क’ क्षेत्रात, महाराष्ट्र, गुजरात, पंजाब, चंडीगढ आदी ‘ख’ क्षेत्रात आणि उर्वरित ‘ग’ क्षेत्रात येतात. मराठी-कोकणी परंपरेचा गोवा ‘ग’ क्षेत्रात आहे, तर तमिळनाडूला हे नियम लागूच नाहीत. केंद्राने ‘ख’ क्षेत्रातील राज्य शासनाला सामान्यतः हिंदीतून पत्र पाठवावे आणि खासगी व्यक्तीला हिंदी किंवा इंग्रजीतून पाठवावे, असे नियम सांगतात. या निवडीत मराठी नाही.

राज्याच्या कामकाजासाठी महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ आहे आणि स्थानिक संस्थांसाठी २०२२ मध्ये स्वतंत्र कायदा झाला. परंतु केंद्रीय कार्यालये या दोहोंच्या कक्षेबाहेर राहतात. त्यांच्यात त्रिभाषा सूत्रानुसार मराठीचा वापर व्हावा, यासाठी राज्य शासनाने डिसेंबर २०१७ मध्ये सूचना काढल्या. बँकांतील छापील अर्ज इंग्रजी, हिंदी व प्रादेशिक भाषेत असावेत, ही अपेक्षा रिझर्व्ह बँकेच्या ग्राहकसेवेविषयीच्या परिपत्रकांतून येते, राजभाषा नियमांतून नाही.

बुलढाणा जिल्ह्यातील स्थिती

या क्षेत्रविभागणीचा परिणाम सीमेवरील बुलढाणा जिल्ह्यात स्पष्ट दिसतो. जिल्ह्याच्या उत्तरेस मध्य प्रदेशाचा बऱ्हाणपूर जिल्हा लागून आहे. जळगाव जामोद तालुक्यातून सीमा ओलांडली की ‘ख’ क्षेत्र संपून ‘क’ क्षेत्र सुरू होते. १९५६ पूर्वी ही सीमा नव्हती. वऱ्हाडाचा भाग म्हणून बुलढाणा नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्य प्रदेशात होता आणि त्या राज्याने १९५० मध्ये कायदा करून हिंदी व मराठी या दोन्ही भाषांना राजभाषा केले होते. विदर्भातील पुसदचे वसंतराव नाईक याच द्विभाषिक विधानसभेचे सदस्य होते. महाराष्ट्राचा राजभाषा अधिनियम पुढे त्यांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळात झाला. राज्य पुनर्रचनेने बुलढाणा मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. त्यामुळे हिंदी ही येथे राज्याची सहराजभाषा राहिली नाही, केवळ केंद्राची राजभाषा उरली.

आज एकाच तालुक्याच्या गावी तहसील कार्यालयाचे कामकाज मराठीतून चालते, तर टपाल कार्यालय, राष्ट्रीयीकृत बँक व मध्य रेल्वेची मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव ही स्थानके राजभाषा नियमांखाली येतात. दोन्ही भाषांची लिपी एक असल्याने फरक पुष्कळदा ऱ्हस्व-दीर्घापुरता उरतो. मराठीतील ‘मलकापूर’ हिंदीत ‘मलकापुर’ होते. अर्जातील पारिभाषिक शब्दांची गोष्ट वेगळी आहे. ‘आवेदक’, ‘हस्ताक्षर’, ‘दिनांकित’ असे संस्कृतोद्भव शब्द मराठी वाचकाला ओळखीचे वाटतात, पण मराठीत ‘हस्ताक्षर’ म्हणजे स्वाक्षरी नव्हे, अक्षराचे वळण होय.

संविधानाच्या अनुच्छेद ३५० नुसार कोणत्याही व्यक्तीला गाऱ्हाणे मांडण्यासाठी केंद्राच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडे संघराज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत निवेदन देण्याचा हक्क आहे. म्हणून जिल्ह्यातील रहिवासी केंद्रीय कार्यालयाला मराठीतून तक्रार देऊ शकतो. उत्तराची भाषा मात्र हा अनुच्छेद ठरवत नाही. हिंदीतून आलेल्या पत्राला हिंदीतूनच उत्तर द्यावे, असा नियम ५ आहे. मराठी पत्रासाठी तसा नियम नाही आणि समितीच्या आढाव्याचा विषयही कलम ४ ने हिंदीच्या वापरापुरताच ठेवला आहे.