सहा मापांची जन्मकथा

प्रोग्रॅममधले फाटे मोजून त्याची गुंतागुंत ठरवण्याची रीत टॉमस मॅककेब यांनी 1976 मध्ये दिली. एका फंक्शनपुरती ती चोख होती. पण सी++ आणि स्मॉलटॉकमधल्या मेथड चार-चार ओळींच्या झाल्या आणि खरा गुंता क्लास-क्लासमधल्या नात्यांत जाऊन बसला. तिथे फाटे मोजून काय हाती लागणार?

नात्यांचा विचार त्याआधीच झाला होता. स्टीव्हन्स, मायर्स आणि कॉन्स्टंटाइन यांनी 1974 मध्ये कपलिंग आणि कोहेजन या कल्पना मांडल्या: विभाग एकमेकांवर कमी विसंबावेत आणि एका विभागात एकाच कामाच्या गोष्टी असाव्यात. उणीव होती ती क्लासला लावता येईल अशा मापाची.

ते माप आले एमआयटीच्या व्यवस्थापन शाळेतून. श्याम चिदंबर आणि ख्रिस केमेरर यांनी 1991 मध्ये पहिला आराखडा मांडला आणि जून 1994 मध्ये सुधारून प्रसिद्ध केला. मेथडचा एकूण भार, इनहेरिटन्सची खोली, थेट उपक्लास, इतर क्लासशी कपलिंग, एका संदेशामुळे चालू शकणाऱ्या मेथड आणि कोहेजनचा अभाव, अशी ही सहा मापे. त्यांनी ती प्रत्यक्ष कोडवर लावली: एका ठिकाणचे 634 सी++ क्लास, दुसरीकडचे 1,459 स्मॉलटॉक क्लास. दोन्हीकडे निम्म्याहून अधिक क्लासना एकही उपक्लास नव्हता. इनहेरिटन्सचा एवढा गवगवा असताना हे दिसणे मोलाचे होते.

सर्वांत जास्त वाद ओढवून घेतला सहाव्या मापाने. त्याची रीत अशी: मेथडच्या जोड्या लावायच्या, एकही व्हेरिएबल सामाईक नसलेल्या जोड्यांतून सामाईक असलेल्या वजा करायच्या, उत्तर ऋण आले तर शून्य धरायचे. आता पाच मेथडचा क्लास घ्या. चार मेथड एकच व्हेरिएबल वापरतात, पाचवीचा त्यांच्याशी काडीचा संबंध नाही. सामाईक जोड्या सहा, उरलेल्या चार. उत्तर शून्य, म्हणजे दोष नाही! उलट आपापली माहिती सांगणाऱ्या चार साध्या मेथडच्या निरुपद्रवी क्लासला सहाचा ठपका. हे माप पुढे अनेकांनी नव्याने बांधले, ते योग्यच झाले.

1996 मध्ये बॅसिली, ब्रियाँ आणि मेलो यांनी मेरीलँड विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी सी++मध्ये लिहिलेल्या आठ प्रणाली तपासल्या. दोष कुठे सापडतील याचा अंदाज बांधायला पाच मापे उपयोगी ठरली. कोहेजनचे तेवढे नाही.

खरा धक्का 2001 चा. खालेद एल एमाम आणि सहकाऱ्यांनी एका दूरसंचार प्रणालीत क्लासचा आकार हिशेबात धरला, आणि मापांचा दोषांशी दिसणारा संबंध नाहीसा झाला. मोठ्या क्लासमध्ये मेथडही जास्त, कपलिंगही जास्त, दोषही जास्त. त्यामुळे कपलिंगचा आकडा फुगलेला दिसला, तर आधी क्लासच्या ओळी किती ते पाहावे लागते.