‘थिंग’ : सभेच्या शब्दाचा अर्थविस्तार

ज्या पदार्थाचे नाव ठाऊक नाही, किंवा ठाऊक असूनही उच्चारण्याचा कंटाळा आला आहे, त्या प्रत्येकास इंग्रजीत ‘थिंग’ म्हणता येते. खुर्ची ही थिंग, कल्पना हीही थिंग. प्रवासास निघालेला गृहस्थ आपल्या ‘थिंग्ज’ बांधतो. कीव करण्याजोगे मूल ‘पुअर थिंग’ ठरते. आणि अडचण सांगू पाहणारा ‘द थिंग इज’ अशी प्रस्तावना करून क्षणभर थांबतो. ‘समथिंग’, ‘नथिंग’, ‘एनिथिंग’ या सर्वनामांत तर हा शब्द जवळजवळ प्रत्ययाच्या पायरीस उतरला आहे. इतका निराकार झालेला हा शब्द मुळात मात्र एका अत्यंत साकार संस्थेचे नाव होता.

प्राचीन जर्मानिक भाषांत ‘थिंग’ म्हणजे स्वतंत्र पुरुषांची न्यायनिवाड्यासाठी भरणारी सभा. गॉथिक भाषेतील ‘थीह्स’, म्हणजे काळ, या शब्दाशी बहुतेक व्युत्पत्तिकार त्याचा संबंध जोडतात. त्यानुसार ‘ठरलेली वेळ’ हा आद्य अर्थ आणि ‘ठरलेल्या वेळी जमणारी सभा’ हा दुसरा. ब्रिटनमधील हेड्रियनच्या तटबंदीवर हाउसस्टेड्स येथे १८८३ साली सापडलेल्या, इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातील वेदीवर रोमन सैन्यातील जर्मानिक शिपायांनी ‘मार्स थिंग्सस’ या देवतेस वंदन केले आहे. मंगळवारास जर्मन भाषेत ‘डीन्सटाग’ व डच भाषेत ‘डिन्सडाग’ म्हणतात, ती नावेही या सभारक्षक देवतेवरून आली, असे सामान्यतः मानले जाते.

इंग्रजीतील अगदी जुना पुरावा कायद्याचाच आहे. केंटचे राजे ह्लोथहेरे आणि एअड्रिक यांचे सातव्या शतकाच्या उत्तरार्धातील निर्बंध बाराव्या शतकातील हस्तलिखितात टिकून राहिले. त्यांत एकाने दुसऱ्यावर दावा आणून त्यास सभेत गाठल्यास काय करावे, हे सांगताना ‘थिंग’ हा शब्द सभा या अर्थी येतो. विशेष हे की, त्याच वाक्यात दाव्यासाठी योजलेल्या शब्दापासून पुढे इंग्रजीतील ‘सेक’ (अमक्या‘साठी’) हा शब्द आला, आणि त्याचा जर्मन सोयरा ‘झाखं’ आज वस्तू, बाब या अर्थी रूढ आहे.

येथे अर्थविस्ताराची वाट दिसू लागते. सभा, सभेपुढील तंटा, तंट्याचा विषय, कोणताही विषय आणि शेवटी विषय होऊ शकणारी कोणतीही वस्तू, अशा त्या पायऱ्या आहेत. ही वाट एकट्या जर्मानिक भाषांची नव्हे. लॅटिनमधील ‘काउसा’ म्हणजे कारण आणि खटलाही. त्यापासून फ्रेंच ‘शोझ’ व इटालियन ‘कोझा’ हे वस्तुवाचक शब्द निघाले. तंटा हाच अर्थांतराचा सांधा होय, हे यावरून बऱ्याच खात्रीने म्हणता येते.

१०६६ च्या नॉर्मन विजयानंतर न्यायालयाची भाषा फ्रेंच झाली, म्हणून ‘थिंग’ न्यायमंडपातून हद्दपार झाला, असे स्पष्टीकरण सहज सुचते. ते आकर्षक आहे, पण टिकत नाही. विजयापूर्वीच्या इंग्रजीतच हा शब्द ‘बाब’, ‘पदार्थ’ या अर्थी सर्रास येतो, आणि सभेसाठी ‘गेमोट’ हा शब्द स्थिरावलेला दिसतो. ‘बेओवुल्फ’ काव्यात नायक राक्षसाशी एकट्याने ‘थिंग’ भरविण्याची भाषा करतो, तेथे जुना अर्थ जिवंत आहे खरा; परंतु तो काव्यभाषेने जतन केलेला अलंकार वाटतो. फ्रेंच आली तेव्हा जागा बरीचशी रिकामीच होती.

उलट आइसलँडमध्ये संस्था टिकली आणि शब्दही टिकला. परंपरेनुसार ९३० मध्ये स्थापन झालेली ‘आल्थिंग’ १८०० साली बरखास्त झाली व १८४३ च्या राजाज्ञेने पुनः उभी राहिली. आज ती त्या देशाची संसद आहे. नॉर्वेची ‘स्टोर्टिंग’ व डेन्मार्कची ‘फोल्केटिंग’ याच कुळातील. ब्रिटनच्या भूमीवर हा अर्थ नॉर्स वसाहतवाल्यांनी पुनः आणला. स्कॉटलंडमधील ‘डिंगवॉल’ हे ग्रामनाम आणि आइल ऑफ मॅनची ‘टिनवाल्ड’ संसद ही त्याची साक्ष. नॉर्स ‘हूसथिंग’, म्हणजे सरदाराच्या घरच्या माणसांची बैठक, लंडनमध्ये ‘हस्टिंग’ नावाचे न्यायालय झाली. पुढे ‘हस्टिंग्ज’ म्हणजे उमेदवारांच्या नामनिर्देशनाचे व्यासपीठ. १८७२ च्या गुप्त मतदानाच्या कायद्याने ते व्यासपीठ गेले, शब्द मात्र निवडणूक-प्रचाराला चिकटून राहिला.

मराठी अभ्यासकास या साऱ्यात ‘गोष्ट’ आठवल्यावाचून राहत नाही. संस्कृत ‘गोष्ठ’ म्हणजे गाई बांधण्याची जागा, तीच आपला ‘गोठा’. ‘गोष्ठी’ म्हणजे मंडळींची बैठक व तेथील संभाषण, आणि तीपासून ‘गोष्ट’. सभेपासून विषयापर्यंतचा प्रवास दोन्हीकडे सारखा. मधला मुक्काम वेगळा. ‘थिंग’ तंट्यातून गेला, ‘गोष्ट’ बोलण्यातून. म्हणूनच मराठीत गोष्ट ‘सांगता’ येते, ती कथा होते. ‘थिंग’ला कथेचा अर्थ कधी चिकटला नाही. ‘चार गोष्टी सांगणे’ म्हणजे उपदेश करणे, यात बोलणे अजून शाबूत आहे. ‘बाजारातून चार गोष्टी आणणे’ यात ते पुसले गेले. आणि तेथे ‘जिन्नस’ किंवा ‘वस्तू’ म्हणणारी जुन्या वळणाची माणसे अद्याप भेटतात.